मालक फ्रेंच, मजूर फ्रेंच, बिशप आयरिश

अमेरिकेच्या नकाशावर ऱ्होड आयलंड हे राज्य शोधावंच लागतं. आपला एकटा रायगड जिल्हा त्याहून मोठा भरतो. या चिमुकल्या राज्याच्या उत्तर टोकाला, ब्लॅकस्टोन नदीच्या धबधब्याशी, वूनसॉकेट नावाचं गिरण्यांचं शहर आहे. शंभर वर्षांपूर्वी तिथे गेला असतात, तर दुकानाच्या पाटीपासून चर्चमधल्या प्रवचनापर्यंत सगळीकडे फ्रेंचच कानावर आली असती. शाळेतली सिस्टर फ्रेंच, वाणी फ्रेंच, डॉक्टर फ्रेंच, वर्तमानपत्र फ्रेंच, विमा उतरवणारी संस्था फ्रेंच आणि शेवटी थडग्यावरची अक्षरंही फ्रेंच. अमेरिकेतलं सर्वांत फ्रेंच शहर, असं तिथले लोक अभिमानाने सांगत. १९३० साली शहराची वस्ती पन्नास हजारांना टेकली होती आणि त्यातली निम्म्याहून जास्त माणसं कॅनडातल्या क्युबेक प्रांतातून आलेल्या कुटुंबांमधली होती.

आज त्याच रस्त्यांवर फ्रेंच क्वचित ऐकू येते. इंग्रजीने तिला गिळलं, असं एक सोपं उत्तर देता येईल, पण मला ते अपुरं वाटतं. इंग्रजीचा दाब होताच. तरीही या शहरातली सगळ्यात कडवट भांडणं फ्रेंच बोलणाऱ्यांची आपसातलीच होती. चर्चच्या पैशावरून, शाळेवरून, मजुरीवरून. ती भांडणं समजून घेतली की एवढी मोठी फ्रेंच वस्ती कशी उभी राहिली आणि कशी विरली, ते बऱ्यापैकी उलगडतं.

फ्रेंच म्हटलं की आपल्याला पॅरिस आठवतं, फार तर पाँडिचेरी. हे लोक त्या दोन्हींपासून दूरचे. सतराव्या शतकात फ्रान्समधून काही हजार माणसं सेंट लॉरेन्स नदीच्या काठी जाऊन वसली. १७६३ मध्ये फ्रान्सने ती वसाहत इंग्रजांना देऊन टाकली. राजा गेला, सरदार-व्यापारी बरेचसे परतले, आणि मागे राहिले शेतकरी आणि त्यांचे पाद्री. इंग्रजी राज्यात, इंग्रजी बोलणाऱ्या प्रोटेस्टंट समुद्रात, हे साठ-सत्तर हजार कॅथलिक फ्रेंच लोक एकमेकांना धरून राहिले. शाळा पाद्र्यांची, दवाखाना सिस्टरांचा, जन्म-मृत्यूची नोंद चर्चच्या वहीत. त्यामुळे भाषा आणि धर्म यांची गाठ अशी बसली की एक सुटली तर दुसरा सुटणार, असंच सगळे मानत. जो भाषा गमावतो तो श्रद्धाही गमावतो, अशी त्यांच्यात म्हणच पडली.

मग हे लोक गाव सोडून का निघाले? कारण आपल्या शेतकऱ्याला ओळखीचं आहे. क्युबेकमध्ये जमिनी नदीला लागून लांबट पट्ट्यांत वाटलेल्या होत्या. घरटी दहा-बारा मुलं. वाटण्या होत होत पट्टे अरुंद झाले, जुनी जमीन थकली, नवी जमीन उत्तरेला, जिथे थंडी लवकर पडते आणि पीक हाती येईल याची खात्री नाही. वर कर्ज. आणि दक्षिणेला, रेल्वेने फार तर एका दिवसाच्या अंतरावर, न्यू इंग्लंडच्या, म्हणजे ऱ्होड आयलंड ज्यात येतं त्या अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या राज्यांच्या, गिरण्यांचे भोंगे वाजत होते.

इथे आपल्याशी जोडलेला एक धागाही आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. दक्षिणेचा कापूस अडला, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबई बंदराकडे धाव घेतली, आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसावर मुंबईत पैशाचा पूर आला. तो इतिहास आपण शाळेत वाचतो. त्याच युद्धाचं दुसरं टोक वूनसॉकेटला आहे. सैन्याच्या गणवेशांमुळे लोकरीच्या गिरण्या युद्धातच फोफावल्या, आणि शांतता झाल्यावर सुती गिरण्याही पूर्ण जोराने चालू लागल्या. माणसं कमी पडू लागली, तेव्हा मालकांनी क्युबेकमध्ये भरतीचे दलाल पाठवले. १८४० ते १९३० या नव्वद वर्षांत क्युबेकमधून सुमारे नऊ लाख माणसं अमेरिकेत उतरली.

गिरणीला हवं होतं ते अख्खं कुटुंब. बाप एखाद्या खात्यात, आई किंवा मोठी मुलगी मागावर, आणि दहा-बारा वर्षांची पोरं कताई खात्यात भरलेल्या बॉबिन काढून रिकाम्या लावायला. शेतावर मुलं जितकी जास्त तितके हात जास्त, हा हिशेब त्यांच्या अंगवळणी पडलेला होता. तोच त्यांनी गिरणीत आणला. चार-पाच पगार एकत्र झाले की घर चालायचं. किंमत मोजली ती मुलांच्या शाळेने. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लुईस हाइन हा फोटोग्राफर न्यू इंग्लंडच्या गिरण्यांमधून अशा मुलांचे फोटो काढत हिंडला. यंत्रापेक्षा बुटकी पोरं, अनवाणी, अंगाला तंतू चिकटलेले. बालमजुरीविरुद्धच्या मोहिमेला त्या फोटोंनी मोठा जोर दिला. नॅप लाज्वाही अशाच घरातला. जन्म वूनसॉकेटचा, १८७४ चा, आईबाप क्युबेकचे, शाळा लहानपणीच सुटली आणि गिरणी गाठली. पुढे तो बेसबॉलचा इतका मोठा खेळाडू झाला की क्लीव्हलंडच्या संघाने काही वर्षं त्याच्याच नावावरून ‘नॅप्स’ हे नाव लावलं. बाकीच्यांची नावं गिरणीच्या हजेरीपटातच राहिली.

राहायला तीन मजली लाकडी घरं, प्रत्येक मजल्यावर एक-दोन बिऱ्हाडं. सोशल नावाच्या गिरणीभोवती अशी दाट वस्ती झाली, म्हणून त्या भागाचंच नाव सोशल पडलं. आधी आलेला भाऊ नंतरच्या भावाला बोलावी, मुकादमाकडे शब्द टाकी, जागा मिळेपर्यंत घरात ठेवून घेई. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेल्यांचं जे झालं तेच.

पण गाव जवळ असण्याचा तोटाही होता. बाकीचे स्थलांतरित समुद्र ओलांडून येत, परतीचा विचार सोडून देत. हे लोक मात्र मंदीत घरी जात आणि तेजीत परतत. पुष्कळांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं नाही. १८८१ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या कामगार सांख्यिकी खात्याचे प्रमुख कॅरोल राइट यांनी सरकारी अहवालात त्यांना ‘पूर्वेकडच्या राज्यांमधले चिनी’ म्हटलं. यांना इथे मुळं रुजवायची नाहीत, हे फक्त पैसे गोळा करायला आलेले औद्योगिक घुसखोर आहेत, असा सूर. कामाचे तास दहावर आणण्याची चळवळ तेव्हा चालू होती, आणि तिला हे मजूर मोडता घालतात अशी तक्रार त्यामागे होती. चिनी लोकांबद्दलची तुच्छता आणि फ्रेंच मजुरांबद्दलची तुच्छता एका वाक्यात बांधणारा तो शेरा फ्रेंच वस्त्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहिला. लोक चिडले, त्याच वर्षी सुनावणीत आपली बाजू मांडायला उभे राहिले, आणि नागरिकत्व घेण्याच्या मोहिमा सुरू झाल्या.

मतं हातात आली तसं राजकारणही आलं. अरॅम पोथिए हा क्युबेकमध्ये जन्मलेला माणूस १८९४ मध्ये वूनसॉकेटचा महापौर झाला आणि १९०९ मध्ये थेट राज्याचा गव्हर्नर. या पोथिएने शहराचं नशीब बदललं, आणि कसं बदललं ते पाहण्यासारखं आहे.

अमेरिकेने परदेशी लोकरी मालावर जबर आयातकर लावला होता. उत्तर फ्रान्समधल्या रूबे आणि तूरक्वाँ या शहरांतल्या सूतगिरणीवाल्यांना त्याचा मोठा फटका बसत होता. पोथिए पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनांच्या निमित्ताने फ्रान्सला गेला तेव्हा त्याने या मालकांची गाठ घेतली. त्याचं म्हणणं साधं होतं: माल करभिंतीवरून पलीकडे टाकू नका, भिंतीच्या आतच गिरणी बांधा, आमच्याकडे पाणी आहे, जागा आहे, आणि तुमची भाषा बोलणारे मजूर आहेत. एकोणिसावं शतक संपता संपता लाफायेत वर्स्टेड ही लोकरी सुताची गिरणी उभी राहिली, मागोमाग फ्रेंच वर्स्टेड, देसुरमाँ आणि इतर. यांची सूत काढायची पद्धत वेगळी होती. इंग्रजी पद्धतीत लांब धाग्याची लोकर तेल लावून कातली जाई. फ्रेंच पद्धतीत आखूड धाग्याचीही चाले, ती जवळजवळ कोरडी कातत, आणि सूत मऊ, फुगीर निघे. विणलेल्या कपड्यांना ते फार मानवे. सुती गिरण्या दक्षिणेकडे सरकू लागल्यावर न्यू इंग्लंडमधली किती तरी शहरं बसली. वूनसॉकेट त्यामानाने तगून राहिलं, त्यात या लोकरीच्या सुताचा मोठा हात होता.

म्हणजे आता मालक फ्रेंच आणि मजूरही फ्रेंच. (सगळेच मालक नव्हेत, जुने यँकी, म्हणजे इंग्रज वंशाचे प्रोटेस्टंट मालक होतेच.) पण रूबेहून आलेला साहेब आणि क्युबेकच्या खेड्यातून आलेली कामगार बाई यांची फ्रेंचही एक नव्हती. क्युबेकच्या बोलीत सतराव्या शतकातले उच्चार आणि शब्द टिकून होते, त्यात गिरणीतले इंग्रजी शब्द मिसळले होते. युरोपातून आलेल्यांना ती गावंढळ वाटे. मालकांबरोबर फ्रान्स आणि बेल्जियममधून कसबी सूतकातेही आले, आणि त्यांनी येताना युनियन आणि समाजवाद सोबत आणला. क्युबेकच्या भाविक कुटुंबांना ही चर्चला न जाणारी माणसं विचित्रच वाटली असणार.

आता चर्चचं भांडण. हा भाग समजायला जरा अवघड आहे, म्हणून सावकाश घेऊ.

आपल्याकडे गावच्या देवस्थानाचा हिशेब गावकी ठेवते, मानकरी ठेवतात. पुजारी पूजा करतो, पण तिजोरीची किल्ली त्याच्याकडे नसते. क्युबेकमध्ये साधारण अशीच रीत होती. चर्चच्या मालमत्तेचा कारभार गावाने निवडलेले विश्वस्त पाहत. अमेरिकेत मात्र कॅथलिक चर्चची सत्ता बिशपच्या, म्हणजे त्या भागातल्या मुख्य धर्मगुरूच्या, हातात एकवटलेली. ऱ्होड आयलंडमध्ये प्रत्येक चर्चची कायदेशीर संस्था असे. तिच्यात बिशप, त्याचा प्रतिनिधी, स्थानिक पाद्री आणि दोन सामान्य सभासद. म्हणजे मतं मोजली की पारडं नेहमी बिशपकडे. आणि न्यू इंग्लंडचे बिशप बहुतेक आयरिश वंशाचे. आयरिश लोकही कॅथलिक आणि गरीब, त्यांनाही यँकींचा जाच सोसावा लागलेला. पण ते इंग्रजी बोलत, आणि अमेरिकेत कॅथलिकांना मान मिळायचा तर सगळ्यांनी एका भाषेत, एका छत्राखाली यावं, असं त्यांच्या धर्मगुरूंना मनापासून वाटे.

फ्रेंचांनी स्वतःची चर्चं बांधली होती, गिरणीच्या पगारातून पैसा-पैसा जमवून. प्रेसियू-साँ हे शहरातलं पहिलं, १८७० च्या दशकातलं. नंतर सेंत-आन आणि इतर. प्रत्येक चर्चला जोडून शाळा. अर्धा दिवस फ्रेंचमध्ये, अर्धा इंग्रजीत. १९०० मध्ये शहरात युनियन सें-झाँ-बातीस्त द’आमेरिक ही विमा आणि मदतीची संस्था सुरू झाली. महिना वर्गणी भरायची, कमावता माणूस गेला तर घराला पैसे. या सगळ्या धडपडीला ते ‘सुर्विव्हाँस’ म्हणत, म्हणजे टिकून राहणं.

पहिल्या महायुद्धानंतर वारं फिरलं. परक्यांबद्दलचा संशय वाढला, कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या प्रोटेस्टंटांच्या कडव्या संघटनेने न्यू इंग्लंडमध्ये कॅथलिकांविरुद्ध मोर्चे काढले. १९२२ मध्ये ऱ्होड आयलंडने पेक कायदा केला: खासगी शाळांमध्येही मुख्य विषय इंग्रजीतच शिकवले गेले पाहिजेत, आणि त्यावर देखरेख राज्याची. फ्रेंच मतदार खवळले. नेमक्या त्याच सुमाराला बिशप विल्यम हिकी यांनी हायस्कुलं बांधायला सगळ्या चर्चवर निधीचा आकडा ठरवून दिला. चर्चने तो जमवायचाच. कमी पडला तर चर्चच्या गंगाजळीतून द्यायचा.

एल्फेज देन्यो नावाच्या वूनसॉकेटच्या वकिलाने इथे पाय रोवला. त्याचा मुद्दा असा: हा पैसा आम्ही आमच्या चर्चसाठी, आमच्या फ्रेंच शाळेसाठी दिला आहे, तो बिशपला दुसरीकडे नेता येणार नाही. १९२४ मध्ये त्याने आणि त्याच्या साथीदारांनी ‘ला सेंतिनेल’, म्हणजे ‘पहारेकरी’, हे वर्तमानपत्र काढलं. त्यावरून या माणसांना सेंतिनेलिस्ट म्हणू लागले. सभा भरू लागल्या, चर्चमध्ये बाकाचं भाडं आणि वर्गणी देणं लोकांनी थांबवलं, आणि १९२७ मध्ये त्यांनी आपल्याच बिशपविरुद्ध आणि चर्चविरुद्ध दिवाणी कोर्टात दावा लावला. एका भाविक कॅथलिकाने असं करणं म्हणजे काय, याची कल्पना आपल्याला वाळीत टाकण्याच्या प्रथेवरून येईल.

आणि इथे फ्रेंच समाज उभा फाटला. प्रेसियू-साँचे म्हातारे पाद्री शार्ल दोरे पन्नासेक वर्षं या वस्तीत होते. तेही क्युबेकचेच, आणि लोक त्यांना देवमाणूस मानत. ज्या माउंट सेंट चार्ल्स शाळेसाठी निधी हवा होता ती त्यांच्या स्वप्नातली, फ्रेंच मुलांसाठीचीच. ते बिशपच्या बाजूने राहिले. ‘ला ट्रिब्यून’ हे शहरातलं जुनं फ्रेंच वर्तमानपत्र सेंतिनेलिस्टांवर तुटून पडलं. ज्याची त्याची बाजू फ्रेंचमध्येच मांडली जात होती, आणि दोन्हीकडे आपणच भाषेचे खरे राखणदार असल्याची खात्री होती. मला दोघांचंही काही अंशी पटतं. देन्योला ठाऊक होतं की तिजोरी गेली की शाळा जाईल. दोरेंना ठाऊक होतं की हायस्कूलच नसेल तर गिरणीपलीकडे मुलांना वाट नाही.

दावा फेटाळला गेला. रोमने बिशपची पाठराखण केली. १९२८ च्या ईस्टरच्या दिवशी देन्यो आणि दाव्यावर सह्या करणाऱ्या साठेक जणांना बहिष्कृत केल्याचं जाहीर झालं. म्हणजे चर्चमध्ये प्रसाद नाही, मेल्यावर पवित्र जमिनीत जागा नाही. ही माणसं आपल्या श्रद्धेसाठीच लढत होती. श्रद्धेचंच दार बंद झाल्यावर लढायचं कशासाठी? एकामागून एक सर्वांनी माफी मागितली, देन्योनेही. १९२९ पर्यंत सगळं मिटलं. पण ज्या घरांमध्ये भाऊ भावाशी बोलेनासा झाला होता, तिथला अबोला माफीनाम्याने लगेच सुटला नाही.

त्याच वर्षी शेअर बाजार कोसळला. मजुरी उतरली, गिरण्या आठवड्यातून दोन-तीन दिवस चालू लागल्या, आणि शहरातला पुढचा आवाज चर्चऐवजी कताई खात्यातून आला. १९३१ मध्ये जोसेफ श्मेट्स या बेल्जियन कामगाराने आणि त्याच्या सोबत्यांनी इंडिपेंडंट टेक्स्टाइल युनियन स्थापन केली. सुरुवात कसबी युरोपीय सूतकात्यांपासून झाली, पण क्युबेकच्या कुटुंबांना सोबत घेतल्याशिवाय या शहरात संप यशस्वी होणार नव्हता. सप्टेंबर १९३४ मध्ये देशभरातल्या कापड कामगारांचा प्रचंड संप झाला. वूनसॉकेटमध्ये रेयॉनच्या गिरणीपुढे जमाव जमला, नॅशनल गार्ड या राज्याच्या राखीव सैन्याने गोळ्या झाडल्या, एक तरुण मेला. त्यानंतर युनियन वाढतच गेली. दशकाच्या अखेरीला दहा हजारांवर सभासद, आणि गिरण्यांच्या पलीकडे शहरातले इतर कामगारही.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती या युनियनची भाषा. बोलायला फ्रेंच चालेच, पण मागण्या मांडताना ती अमेरिकन नागरिकत्वाचे, हक्कांचे शब्द वापरी: आम्ही अमेरिकन आहोत, आम्हाला अमेरिकन राहणीमान हवं. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांना घुसखोर म्हटलं गेलं, त्यांच्या नातवंडांनी मालकाकडून, आणि मालक कित्येकदा फ्रेंचच, पगारवाढ मिळवली ती अमेरिकन म्हणून. फ्रेंच राहून चर्चमध्ये हरलेले लोक अमेरिकन होऊन गिरणीत जिंकले. हे घरातल्या मुलांना दिसत होतं.

पुढचं वेगाने घडलं. दुसऱ्या महायुद्धात पोरं सैन्यात गेली, काहीजण फ्रान्समध्ये उतरल्यावर दुभाषे झाले, आणि परतताना इंग्रजी पक्की करून आले. गिरण्या एकेक करून दक्षिणेला गेल्या किंवा मिटल्या. ऑगस्ट १९५५ मध्ये डायॅन वादळाच्या पावसाने ब्लॅकस्टोनचं खोरं भरलं, वरचं धरण फुटलं आणि सोशल भागातली घरं पाण्याखाली गेली. पुष्कळ कुटुंबं तिथे परतलीच नाहीत. १९६० च्या दशकात कॅथलिक चर्चने लॅटिन सोडून लोकभाषेत प्रार्थना सुरू केली, तेव्हा फ्रेंच चर्चपुढे प्रश्न आला: लोकांची भाषा कोणती? तरुण जोडप्यांनी इंग्रजीची वेळ निवडली. बुआव्हेरचा ग्रीनवुड, लब्लाँचा व्हाइट, र्‍वाचा किंग असे आडनावांचे अनुवाद तर न्यू इंग्लंडभर पूर्वीपासूनच चालू होते.

या भाषेला रोजचं काम होतं, हे विसरून चालणार नाही. उत्तर अमेरिकेत आज आपल्या मराठी शाळा भरतात, बहुतेक शनिवारी किंवा रविवारी, आणि त्या चालवणारे पालक जीव ओतून चालवतात. वूनसॉकेटच्या पालकांकडे आठवड्याचे पाच दिवस होते. वर चर्च, वाणी, मुकादम आणि जिन्यावरची शेजारीण, सगळं पायी जाण्याच्या अंतरावर. गिरणी बंद पडली तेव्हा माणसं मोटारीने दुसऱ्या गावी कामाला जाऊ लागली, आणि तिथे मुकादम इंग्रजी बोलायचा.

शिल्लक काय राहिलं? आजीला अजून काही घरांत मेमेर म्हणतात, आजोबांना पेपेर. नाताळच्या आदल्या रात्री डुकराच्या खिम्याची तूर्तिएर भाजली जाते. माउंट सेंट चार्ल्स शाळा चालू आहे आणि क्युबेकच्या आइस हॉकीचं वेड तिने असं जपलं की १९७८ पासून सलग २६ वर्षं राज्याचं अजिंक्यपद तिच्याकडे होतं. एका जुन्या गिरणीच्या इमारतीत १९९७ पासून कामगारांच्या जीवनाचं संग्रहालय आहे. शहरात आता लाओसमधून आलेल्या निर्वासितांची आणि लॅटिन अमेरिकेतून आलेल्यांची घरं आहेत. तीन मजली लाकडी घरांत आता ती बिऱ्हाडं राहतात.

आणि सेंत-आन चर्च. १९४० च्या दशकात माँट्रियलहून ग्विदो निंकेरी या इटालियन चित्रकाराला तिथे बोलावलं गेलं. ओल्या गिलाव्यावर रंग भरून त्याने छत आणि भिंती बायबलमधल्या प्रसंगांनी मढवल्या. संत, देवदूत, पापी लोक यांच्या चेहऱ्यांसाठी त्याने वस्तीतल्याच माणसांना समोर बसवलं: गिरणीतले कामगार, त्यांच्या बायका, त्यांची मुलं. २००० मध्ये तिथली प्रार्थना थांबली. इमारत पाडली जाऊ नये म्हणून गावकऱ्यांनी ती कलाकेंद्र म्हणून चालवायला घेतली. आता पाहुणे आत येतात, मान वर करतात, आणि वाट दाखवणारा एखादा म्हातारा एका देवदूताकडे बोट दाखवून सांगू शकतो की ही कुणाची मुलगी होती आणि कुठल्या रस्त्यावर राहायची.